एसीपी प्रद्युम्न रिटायर का होत नाहीत? खऱ्या पोलिसात असं चालतं का?

चारकोपचा_चिन्या

मंडळी, प्रश्न जरा येडचाप वाटेल पण आमच्या सकाळच्या चर्चगेट फास्टच्या ग्रुपमध्ये यावरून जाम राडा झालाय म्हणून इथे टाकतोय, इथे पोलीस खात्यातली किंवा पोलिसांच्या घरातली बरीच मंडळी आहेत असं दिसतं.

सीआयडी सोनीवर चालू झालं २१ जानेवारी १९९८ ला. तेव्हा प्रद्युम्न एसीपी. २७ ऑक्टोबर २०१८ ला बंद झालं, १५४७ भाग, तेव्हाही एसीपी. मग डिसेंबर २०२४ मध्ये परत आलं आणि साहेब परत एसीपीच. म्हंजे या काळात सरकारं बदलली, बॉम्बे हायकोर्ट सोडून सगळ्याची नावं बदलली, आमच्या चारकोपला मेट्रो आली, पण या माणसाचं एक प्रमोशन नाही. ग्रुपमधला एक म्हणतो की त्यांनी वरच्यांशी पंगा घेतला असणार म्हणून फाईल दाबली. दुसरा म्हणतो एसीपी ही शेवटचीच पोस्ट असते, त्याच्या वर फक्त आयपीएस. तिसरा म्हणतो अरे सीरियल आहे, गप डबा खा.

तर मला दोन गोष्टी सांगा. एक, खऱ्या मुंबई पोलिसात माणूस इतकी वर्षं एसीपी राहू शकतो का. आणि दुसरं, एसीपी खरंच असा प्रत्येक खुनाच्या जागी स्वतः जाऊन पडद्याच्या मागे डोकावतो का? की तो केबिनमध्ये बसून सह्या करतो?

---

ढकलपत्र

दया दरवाजे तोडत राहिला आणि त्या सगळ्याची भरपाई साहेबांच्या पगारातून कापली, म्हणून प्रमोशन अडकलं. विषय संपला.

---

लाईनवाली

चिन्या, तुझ्या ग्रुपमधले तिघेही थोडे थोडे बरोबर आहेत. माझे बाबा शिपाई म्हणून भरती झाले आणि पीएसआय म्हणून रिटायर झाले, माझं अख्खं लहानपण नायगावच्या पोलीस लाईनीत गेलंय त्यामुळे खांद्यावरचे स्टार मला पाढ्यांच्या आधी पाठ होते.

आधी शिडी समजून घे. शिपाई, हवालदार, एएसआय, मग पीएसआय, एपीआय, पीआय, आणि त्याच्या वर एसीपी म्हणजे सहायक पोलीस आयुक्त. जिल्ह्यात याच पोस्टला डीवायएसपी म्हणतात, आयुक्तालय असलेल्या शहरात एसीपी. एमपीएससी देऊन थेट पीएसआय झालेला माणूस सगळं सुरळीत गेलं तर नोकरीच्या अगदी शेवटी शेवटी एसीपी होतो, बरेचसे तर सिनियर पीआय म्हणूनच घरी जातात. आमच्या लाईनीत कोणाचे साहेब एसीपी झाले की पेढे यायचे आणि वर्षा-दोन वर्षांत त्यांच्याच सेंड ऑफचं आमंत्रण. म्हणजे प्रद्युम्न १९९८ लाच एसीपी होते म्हटल्यावर ते खालून चढत आलेले वाटत नाहीत, थेट डीवायएसपी म्हणून लागलेले असणार. पण मग अडचण अशी की थेट लागलेला माणूस इतक्या वर्षांत डीसीपीच काय त्याच्याही वर जायला पाहिजे होता. त्यामुळे कसंही मांडलंस तरी हिशोब लागत नाही.

आणि रिटायरमेंट. महाराष्ट्रात राज्य सेवेतला पोलीस ५८ ला निवृत्त होतो, आयपीएस असेल तर ६०. आता शिवाजी साटम यांचा जन्म २१ एप्रिल १९५० चा, पात्राचं वय तेच धरलं तर ज्या महिन्यात ५८ पूर्ण होतात त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी सुट्टी. म्हणजे ३० एप्रिल २००८ ला साहेबांना शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळायला हवं होतं. त्यानंतरची दहा वर्षं आणि आत्ताचं सगळं हे बेकायदेशीर म्हणायला हरकत नाही 😄 २००८ नंतर त्यांनी पकडलेला प्रत्येक आरोपी हायकोर्टात सुटेल.

तुझा दुसरा प्रश्न. विभागाचा एसीपी म्हणजे त्याच्या हाताखाली दोन-तीन पोलीस स्टेशन. बंदोबस्त, मोर्चे, गणपती विसर्जन, शिवाय चॅप्टर केसेस त्याच्यासमोर चालतात म्हणजे गुंड आणून उभे करतात आणि हा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून घेतो. सह्या भरपूर. पण खून झाला की जातो, एसीपी काय डीसीपी पण जातो, फक्त तो पडद्यामागे डोकावत नाही. तो बाहेर उभा राहून विचारतो पंच मिळाले का, फोटोग्राफर आला का, बॉडी कधी हलवताय. डोकावायचं काम पीएसआयचं. आणि लिहायचं काम त्याच्या रायटरचं, जो सीआयडीमध्ये एकदाही दिसलेला नाही! एवढ्या खुनांत पंचनामा कोणी लिहिला हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.

---

भाऊ_माझगावकर

लाईनवाली ताईंनी छान सांगितलं, त्यात थोडी भर. एसीपी तपास करतच नाही असं नका समजू. काही गुन्ह्यांत कायदाच म्हणतो की तपास त्याच दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. मोक्का लावला की तपास डीवायएसपी किंवा एसीपीच्या खालच्या माणसाला करता येत नाही, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यातही तेच. तेव्हा टोळीच्या केसमध्ये एसीपी प्रद्युम्न स्वतः फिरतायत हे तसं बघितलं तर अगदीच चुकीचं नाही. पण बंगल्यातल्या मावशीला विष कोणी दिलं यासाठी एसीपीची गरज नाही, ते स्थानिक पोलीस स्टेशन करतं आणि फार तर समांतर तपास क्राइम ब्रांचचं त्या भागातलं युनिट करतं.

दुसरी गोष्ट ज्यावर कोणी बोलत नाही ती म्हणजे ते "सीआयडी" नक्की कुठलं. राज्याचं सीआयडी, म्हणजे गुन्हे अन्वेषण विभाग, त्याचं मुख्यालय पुण्याला आहे. मुंबईत खून-दरोडे बघणारी ती क्राइम ब्रांच, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या आयुक्तालयात तिचं मुख्य ऑफिस आणि शहरभर युनिट पसरलेली. पण गंमत अशी की कागदावर मुंबईच्या क्राइम ब्रांचलाही डीसीबी सीआयडी म्हणतात, कोर्टाच्या कागदात तसंच येतं. तर सीरियलवाल्यांनी नाव हवेतून काढलेलं नाही. फक्त खऱ्या ऑफिसात इतकी जागा मोकळी नसते, फायलींची कपाटं असतात आणि भिंतीला टेकून ठेवलेल्या लाठ्या, आणि बाहेर बाकड्यावर कोणाचे तरी नातेवाईक बसलेले. सीआयडीच्या ब्युरोत नातेवाईक कधीच ताटकळत बसलेले दिसत नाहीत हे मला सगळ्यात खोटं वाटतं.

---

चारकोपचा_चिन्या

वा वा, हे ३० एप्रिल २००८ प्रकरण भारी आहे ताई, हे उद्या लगेच डब्यात टाकतो. पण म्हणजे लेखकांना हे माहीत नव्हतं का? की मुद्दाम?

---

सौ_उवाच

मुद्दामच असणार हो आणि मला तर त्यात काही वावगं वाटत नाही. डीसीपी केलं असतं तर काय झालं असतं सांगू, डीसीपी चित्रोळे झाला असता! आठवतोय ना चित्रोळे? मध्येच यायचा, ओरडायचा, टीमला आडवं जायचा आणि निघून जायचा. सीरियलमध्ये एसीपीच्या वरचा माणूस म्हणजे एकतर फोनवर असतो नाहीतर वैताग असतो. प्रद्युम्नला वर ढकलला की तो पण खोलीबाहेरचा झाला. तो अशा जागी बसवलाय की दया अभिजीतवर ओरडू पण शकतो आणि त्यांच्याबरोबर चिखलात उतरू पण शकतो. घरातला मोठा काका असतो ना तसा, ज्याला बारशापासून तेराव्यापर्यंत सगळीकडे स्वतः हजर राहायचं असतं.

आणि एक सांगते, लोक "कुछ तो गडबड है" ची नक्कल करतात ना ती सगळे चुकीची करतात. सगळे बोटं पसरून हात गोल गोल फिरवतात. नीट बघा कधीतरी. साटम आधी हात वर घेतात, छातीच्या उंचीला, नजर समोरच्या वस्तूवर असते, मग मनगट अगदी थोडं वळतं आणि बोटं एकेक करून, करंगळी आधी, आणि वाक्य सगळ्यात शेवटी येतं. हात आधी विचार करतो आणि तोंड मागून. जुन्या भागांत तर कित्येकदा नुसता हात आहे, वाक्यच नाही. पुढे पुढे ते वाक्य इतकं गाजलं की दर भागात घालावंच लागलं आणि मग त्याची मजा गेली असं माझं स्पष्ट मत, मारा मला.

---

भाऊ_माझगावकर

मारत नाही वहिनी, सहमत आहे. ते नाटकाचं शिक्षण आहे. साटम सेंट्रल बँकेत कॅशियर होते, तिथून बँकांच्या नाट्यस्पर्धा, मग बाळ धुरींनी संगीत नाटकात घेतलं. त्या काळी मुंबईत बँका, एलआयसी, गोदी, कुठूनही नट निघायचे, दिवसा काउंटरवर आणि संध्याकाळी तालमीला. कॅशियरचं काम केलेल्या माणसाला समोरच्याच्या हाताकडे बघायची सवय लागते हे मी स्वतः बँकेत काढलेल्या वर्षांवरून सांगतो. प्रद्युम्न संशयिताच्या चेहऱ्याकडे कमी आणि हाताकडे जास्त बघतो, बघा पटतंय का.

आणि सीआयडीच्या आधी दूरदर्शनच्या मराठीत "एक शून्य शून्य" होतं. सीआयडी काढणारे तेच बी. पी. सिंग, तेच साटम, त्यातही पोलीसच. तेव्हा संध्याकाळी आमच्या चाळीत टीव्ही असलेल्या घरी आम्ही सगळे गॅलरीतून डोकं घालून बघायचो. त्यातला पोलीस ओळखीचा वाटायचा, गणवेशातला, घामेजलेला, मराठी बोलणारा. प्रद्युम्नची मुळं तिथे आहेत, फरक इतकाच की हिंदीत गेल्यावर त्याला कोट आला.

---

तुतारी२०

भाई लोक मी २००४ चा बॅच आहे म्हणजे जन्मच तेव्हाचा 😅 आमच्यासाठी प्रद्युम्न म्हंजे आधी मीम आणि मग सीरियल. शाळेत कोणाचा डबा गायब झाला की पहिला डायलॉग तोच. पण एप्रिल २०२५ ला जेव्हा त्यांना मारलं ना, बार्बोसा नावाच्या व्हिलनचा ट्रॅक, त्या रोलमध्ये तिग्मांशू धुलिया, बॉम्बस्फोट, आणि चॅनेलने अधिकृत पोस्ट टाकली फोटोसकट "१९९८–२०२५" लिहून, तेव्हा आमच्या घरी आजी खरंच रडली. तिला वाटलं साटम गेले!! मला तिला दुसरा व्हिडिओ लावून दाखवावा लागला की अगं आहेत ते, बोलतायत बघ. इतका बेकार प्रकार होता तो. त्यांच्या जागी पार्थ समथान नवा एसीपी आयुष्मान म्हणून आणला, मुलगा वाईट नाही पण लोकांनी त्याला असं धुतलं की बस. आणि मग थोड्याच काळात साहेब परत.

मला काय म्हणायचंय, मारायची काय गरज होती? लाईनवाली ताई म्हणाल्या तसं शाल श्रीफळ देऊन घरी पाठवलं असतं तर?

---

लाईनवाली

तुतारी, हेच मला पण कायम वाटत आलंय. आमच्या हिंदी सीरियलमध्ये पोलीस एकतर शहीद होतो नाहीतर अमर असतो, रिटायर कोणी होत नाही. खऱ्या लाईनीत सगळ्यात मोठा दिवस कुठला माहितीये? शेवटची ड्युटी. साहेबांना खुर्चीसकट उचलून गाडीपर्यंत नेतात, गाडीला फुलांच्या माळा, स्टाफ दोरीने गाडी ओढतो काही ठिकाणी, आणि घरी आल्यावर बायको ओवाळते. दुसऱ्या दिवसापासून क्वार्टर कधी खाली करायचं याची चिंता चालू. त्यावर एक भाग केला असता ना, कुठला बॉम्ब लागला नसता. शेवटची केस ३० तारखेला आलीये आणि संध्याकाळी पाचला चार्ज द्यायचाय, बास, एवढ्यावर भाग उभा राहतो.

---

ढकलपत्र

ताई तुम्ही लिहायला घ्या खरंच. पण पाचला चार्ज द्यायचाय म्हटल्यावर दया साडेचारलाच दरवाजा तोडेल.

---

रातराणी_परेल

मी एका लॅबमध्ये काम करते (वैद्यकीय, पोलिसांची नाही) त्यामुळे मला सीरियलमधल्या फॉरेन्सिकवाल्या डॉ. साळुंखेबद्दल बोलू द्या. विषय प्रद्युम्नचा आहे मान्य पण साळुंखेशिवाय प्रद्युम्न अर्धा आहे, त्याच्यावर बरोबरीने ओरडणारा तोच एक.

खऱ्यात काय होतं. पोस्टमॉर्टेम होतं जेजे, कूपर, राजावाडी असल्या ठिकाणी, तिथले डॉक्टर वेगळे. व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने बरणीत घालून, सील करून, पोलिसाच्या हाती कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबला जातो. तिथे विषाचा विभाग वेगळा, रक्ताचा वेगळा, डीएनए वेगळा, बंदुकीच्या गोळ्यांचा वेगळा. रिपोर्ट यायला वेळ लागतो, कधी कधी चांगलाच लागतो. आपले डॉक्टर साळुंखे एकटे शवविच्छेदन करतात, विष ओळखतात, गोळी ओळखतात, चपलेला लागलेल्या मातीवरून तालुका सांगतात आणि मधल्या वेळेत लॅबमधल्या तारिकावरून अभिजीतला टोमणा पण मारतात. रंगीत पाणी एका चंचुपात्रातून दुसऱ्यात ओतलं की झाला रिपोर्ट. ते निळं पाणी काय असतं हे मला कोणीतरी सांगा, मी रोज लॅबमध्ये असते, मला अजून नाही दिसलं.

पण एक गोष्ट मात्र उलट झालीये. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले ना, त्यात असं आहे की सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकच्या तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आणि त्याचं चित्रीकरण पण करायचं, राज्यांना ते लागू करायला पाच वर्षांची मुदत दिलीये. म्हणजे साळुंखे पूर्वी स्पॉटवर यायचे तेव्हा ते सिनेमॅटिक होतं, आता ते कायद्याप्रमाणे आहे 😂 सीरियलवाले काळाच्या पुढे होते असं म्हणायचं का मग?

---

भाऊ_माझगावकर

हाहा, आणि त्याच कायद्यामुळे अजून एक झालं. प्रद्युम्न २०१८ ला गेले तेव्हा खुनाला ३०२ होतं, डिसेंबर २०२४ ला परत आले तेव्हा १०३ झालं होतं. आख्ख्या महाराष्ट्राला तीनशे दोन तोंडपाठ, नाक्यावरचा पोरगा पण सांगेल. १०३ ला तो दरारा यायला अजून एखादी पिढी जाईल. अर्थात आपल्या साहेबांना कलमाची गरजच नाही, ते थेट फाशीच जाहीर करतात. न्यायाधीश, सरकारी वकील, जामीन, तारीख पे तारीख, काही भानगडच नाही.

---

नेत्रावती_एक्स्प्रेस

मी सगळ्यांशी थोडी असहमत आहे. प्रमोशन दिलं तर पात्र मरतं हे सौ_उवाच यांचं म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेतली ती लॉ अँड ऑर्डर ची एसव्हीयू वाली मालिका बघा, १९९९ पासून चालू आहे, त्यातली ऑलिव्हिया बेन्सन साधी डिटेक्टिव्ह म्हणून सुरू झाली, मग सार्जंट, मग लेफ्टनंट, आता कॅप्टन. प्रत्येक पायरीला तिचे प्रश्न बदलले, आधी केस सोडवायची होती, मग माणसं सांभाळायची आली, मग वरून दबाव. आणि तरी ती स्पॉटवर जातेच, लोकांनी ते चालवून घेतलं. म्हंजे लिहिणाऱ्याला पाहिजे असेल तर जमतं. आपल्याकडे जमवायचं नव्हतं.

आणि उलटं उदाहरण पण आहे. कॉलेजात असताना मी काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकायचे, तिथे आमच्या बाई ऐकण्याच्या सरावाला डेरिक लावायच्या. म्युनिकचा पोलीस, १९७४ ते १९९८, २८१ भाग, सगळे एकाच लेखकाने लिहिलेले आणि एकाच नटाने केलेले. हा पण आपल्यासारखाच, तसाच्या तसा, तोच कोट, तीच डोळ्याखालची पोतडी, सोबतीला कायम तोच साथीदार. पण त्यांनी शेवटच्या भागात त्याला युरोपोलला मोठ्या जागी पाठवला आणि मग मालिका संपवली. मारला नाही, ताटकळत ठेवला नाही. डेरिक ज्या वर्षी संपलं त्याच वर्षी आपलं सीआयडी चालू झालं, मला हा योगायोग फार आवडतो.

तर माझं म्हणणं असं की प्रद्युम्नला वाढू दिलं नाही याचं कारण पोलीस खातं नाही, कारण दर आठवड्याला नवीन खून. ज्या मालिकेत प्रत्येक भाग स्वतंत्र आहे तिथे माणसाला मागचं काही आठवून चालत नाही. प्रमोशन म्हणजे आठवण. एकदा दिलं की मग सगळंच लक्षात ठेवावं लागेल, किती मेले, कोण बदलून गेलं, कोण परत आलं.

---

सौ_उवाच

नेत्रावती, मुद्दा चांगला आहे पण मग नकुलचं काय? गुन्हेगार निघालेल्या स्वतःच्या मुलावर हा माणूस गोळी झाडतो. ते तर त्यांनी लक्षात ठेवलं ना. अधूनमधून एखाद्या भागात कोणी बाप मुलाला वाचवायला खोटं बोलतो तेव्हा प्रद्युम्नचा आवाज बदलतो, आणि तिथे नकुलचं नावही कोणी घेत नाही. मला तर वाटतं पोस्ट तीच ठेवली म्हणूनच ते चालतं. घरी कोणी नाही, वर जायचं नाही, मग माणूस रोज ऑफिसला येणारच.

---

नेत्रावती_एक्स्प्रेस

हे मात्र बरोबर पकडलंत. पण मी म्हणेन ते साटमांनी लक्षात ठेवलं, पटकथेने नाही. बाकीच्या भागांत पटकथा विसरलेलीच असते आणि हे एकटेच सांभाळतायत.

---

चारकोपचा_चिन्या

बरं आता मला अजून एक खटकलेलं सांगतो, इतकं सगळं चाललंय तर. साहेबांचं आडनाव काय?? मी कधी विचारच केला नव्हता. लाईनवाली ताई, पोलिसात कोणी "प्रद्युम्न साहेब" म्हणेल का?

---

लाईनवाली

अज्जिबात नाही! छातीवरच्या पट्टीवर आडनाव ठळक असतं, वायरलेसवर आडनाव, लाईनीत आडनाव. आमच्या आईला बाबांच्या साहेबांचं पहिलं नाव पत्रिका आली तेव्हा कळायचं. शिंदे साहेब, कदम साहेब, दोन कदम असतील तर मोठे कदम आणि लहान कदम. त्यामुळे अभिजीत, दया, प्रद्युम्न अशी हाक मारणं म्हणजे पोलीस स्टेशन नाही, बालवाडी वाटते. अपवाद एकच, साळुंखे. त्याला आडनाव आहे, पहिलं नाव नाही. मराठी पद्धतीने नाव ठेवलेला ब्युरोतला तो एकटाच आणि तो साकारणारे नरेंद्र गुप्ता!

---

रातराणी_परेल

आणि फ्रेडरिक्स होते आपले दिनेश फडणीस. गुप्तांचा साळुंखे आणि फडणीसांचा फ्रेडरिक्स, मुंबई आहे बाबा. फडणीस ५ डिसेंबर २०२३ ला गेले, त्यामुळे २०२४ ला मालिका परत आली तेव्हा मी पहिला भाग बघताना त्यांनाच शोधत होते. बायकोला घाबरणारा, भुताला घाबरणारा पोलीस, लहान मुलांना सगळ्यात आवडायचा तो. प्रद्युम्न चिडून "फ्रेडी" म्हणायचे ती ओरड आता कोणासाठी काढणार.

---

तुतारी२०

आडनावाचं मी सांगतो, वोटिंग घ्या. माझं मत सावंत. साटमांसारखंच कोकणातलं, तळकोकणात दर दुसऱ्या घरी मिळेल.

---

भाऊ_माझगावकर

सावंत नको, त्या आडनावाचे पोलीस सगळ्याच सिनेमांत असतात. मला तर वाटतं आडनाव न देण्यात बी. पी. सिंगांची हुशारी होती. आडनाव दिलं की लगेच गाव, जिल्हा, आणि पुढचं सगळं विचारायला आपण मोकळे. नुसतं प्रद्युम्न म्हटल्यावर पाटण्यातल्यालाही आपला वाटतो आणि परळच्यालाही. देशभर चालवायची होती ना मालिका.

---

ढकलपत्र

काका बरोबर, पण मतदानात मी "दरवाजे" हे आडनाव टाकतोय. एसीपी प्रद्युम्न दरवाजे.

---

तुतारी२०

😂😂 बास आता. सिरियसली विचारतो, मला मीमच्या पलीकडे जाऊन नीट बघायचंय तर १५४७ मधले कुठले बघू? सगळे तर या जन्मात होणार नाहीत.

---

सौ_उवाच

२००४ चा तो १११ मिनिटांचा भाग बघ सगळ्यात आधी, "इनहेरिटन्स" नावाचा. अख्खा भाग एका शॉटमध्ये घेतलाय, मध्ये एकही कट नाही, त्यासाठी विक्रमांच्या पुस्तकात नाव आलं होतं. बी. पी. सिंग मूळचे दूरदर्शनचे कॅमेरामन, त्यांनाच असली खाज सुटणार. पण बघताना कॅमेऱ्याकडे बघू नकोस, साटम बोलत नसतात तेव्हा काय करतात ते बघ. जवळपास दोन तास सलग उभं राहायचंय, कोणी वाक्य विसरलं तर सगळं पहिल्यापासून, आणि हा माणूस मागे उभा राहून समोरच्याचं ऐकतोय, खरंच ऐकतोय, आपल्या वाक्याची वाट बघत नाहीये. ते स्पर्धेच्या नाटकातून आलेल्यांनाच जमतं.

मग सुरुवातीचे १९९८ चे बघ, त्यात आशुतोष गोवारीकर इन्स्पेक्टर वीरेंद्र म्हणून आहे, अजून मोठा दिग्दर्शक व्हायचा होता. ते भाग हळू आहेत, दोन-दोन भागांत एक केस, आणि त्यात प्रद्युम्न चुकतो पण, नंतर चुकायचा बंद झाला.

---

लाईनवाली

आणि नकुलचं प्रकरण त्यानंतर बघ रे, लगेच नको. ते आधी बघितलंस तर पुढे ते साळुंखेशी भांडतात त्याला हसू येणार नाही तुला.